हातातला सीबी: अमेरिकेत नव्याने आलेल्या खान्देशकरांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मंडळी इथे आली की पहिल्याच उन्हाळ्यात तीन-चार गाड्या काढून यलोस्टोनला निघतात, आणि गाड्यांची चुकामूक झाली तर व्हॉट्सॲप आहेच असं धरून चालतात. त्या भागात मैलोनमैल मोबाइलला रेंज नसते. मग कोणी सांगतं, वॉकीटॉकी घ्या. ऑनलाइन जो स्वस्त दिसेल तो सेट मागवला जातो आणि ऐन रस्त्यात तो मुका निघतो. दरवर्षी हेच चालतं.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, ट्रकवाले रस्त्यावर वापरतात तो सगळ्यांना खुला रेडिओ. वीस-पंचवीस डॉलरला मिळणारा तो छोटा चिनी सेट सीबी नसतो. तो १४० आणि ४४० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. सीबीचे ४० चॅनेल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये बसतात. त्या सेटवर ट्रकवाल्यांचा एक शब्दही ऐकू येणार नाही, आणि हॅम (हौशी रेडिओचा) परवाना नसताना त्यावर बोलणं बेकायदा आहे. घेण्याआधी वर्णनात 'सीबी', '४० चॅनेल' आणि 'एएम' हे तिन्ही शब्द वाचा. त्यातला एक जरी नसेल तर तो सेट घेऊ नका.

दुसरंही आधीच सांगतो. फक्त आपल्याच गाड्यांनी एकमेकांशी बोलायचं असेल तर जीएमआरएस, म्हणजे घरच्या मंडळींसाठीचा परवान्याचा वॉकीटॉकी, जास्त बरा. त्याचा परवाना ३५ डॉलरचा, १० वर्षांचा आणि सगळ्या कुटुंबाला चालणारा आहे. परीक्षा नाही, अर्ज करणाऱ्याचं वय १८ पूर्ण हवं एवढंच. सीबी घ्यायचा तो अनोळखी माणसाचं ऐकायला. पुढे रस्ता का तुंबलाय, बर्फ कुठून सुरू होतोय, डावी लेन बंद आहे का, हे पुढून येणारा ट्रकवाला सांगतो आणि बहुतेक वेळा अचूक सांगतो. शहरांभोवती सीबी आता बराच शांत झालाय. पण वायोमिंगमधल्या आय-८० सारख्या, हिवाळ्यात वरचेवर बंद पडणाऱ्या रस्त्यावर त्याच्याइतकी ताजी खबर दुसरीकडे मिळत नाही.

सीबीला परवाना लागत नाही. १९८३ मध्ये ती अट गेली. नागरिकत्वाचीही अट नाही, त्यामुळे व्हिसाची चिंता नको. एएमवर ४ वॉट ही मर्यादा आहे. २०२१ पासून एफएमलाही मुभा मिळाली, पण ट्रकवाले एएमवरच असतात, तेव्हा सेट एएमवरच ठेवा. कॅनडातही हेच ४० चॅनेल बिनपरवाना चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अँटेना लावल्याशिवाय बोलायचं बटन दाबू नका. चालतोय का बघायला म्हणून नको, मुलांच्या हातात खेळायला म्हणून नको, एका सेकंदासाठीही नको. बटन दाबल्यावर ४ वॉट कुठेतरी जावे लागतात. अँटेना नसेल तर ते उलटे फिरतात आणि शेवटच्या टप्प्याचा ट्रान्झिस्टर तापून जळतो. अशा सेटवर पुढेही ऐकू सगळं येतं, दिवे लागतात, पण आवाज बाहेर जात नाही. म्हणून बिघाड लवकर लक्षातच येत नाही. दुरुस्तीची मजुरी नव्या सेटच्या किमतीला जाते. वॉरंटीत हे बसत नाही.

हा घोटाळा सगळ्यात जास्त होतो तो गाडीच्या अडॅप्टरमुळे. हातातल्या काही सेटना बॅटरीचा डबा काढून त्या जागी गाडीचा अडॅप्टर बसवता येतो. त्यातून १२ व्होल्ट मिळतात आणि छपरावरच्या अँटेनाची वायर लावायची सोय होते. अडॅप्टर बसला की सेटवरची रबरी अँटेना कामातून जाते. छपरावरची जोडायची राहिली असेल तर डोळ्यांना अँटेना दिसते, पण सेटला ती नसतेच. त्यामुळे क्रम ठरवून टाका: आधी छपरावर अँटेना, मग वायर अडॅप्टरला घट्ट, मग सेट, आणि शेवटी चालू करायचं.

आता रेंज. खोक्यावर काहीही छापलेलं असो, रबरी अँटेनावर मोकळ्या माळावर एक-दोन किलोमीटर आणि वस्तीत अर्धा किलोमीटर धरा. कारण सोपं आहे. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटरची, म्हणून पाव लहरीची अँटेना पावणेतीन मीटरची हवी. वीतभर रबरात ती गुंडाळली की बरीचशी ताकद उष्णतेत जाते. छपरावर नीट जुळवलेली अँटेना असेल तर तोच सेट पाच ते आठ किलोमीटर मारतो. भुसावळहून जळगावशी बोलण्याइतकं, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, हातातल्या सेटकडून मागू नका. आपल्या माणसाची सवय अशी की सेटवर दीडशे डॉलर घालायचे आणि अँटेनावर दहा वाचवायचे. उलट करा.

चालत असाल तर सेट उभा धरा, तोंडापासून चार-पाच सेंटीमीटर लांब, आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडलात तर समोर फक्त फाटका आवाज जातो. अँटेनाच्या जोडाच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला पावणेतीन मीटरची साधी लवचिक वायर बांधून खाली लोंबू द्या. सेटला जमिनीची बाजू मिळते आणि फरक लगेच कळतो. वायर आतल्या पिनला लागू देऊ नका.

गाडीवर चुंबकाची अँटेना घ्या, मधोमध छपरावर ठेवा. छप्पर पोलादी हवं. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिथे चुंबक चिकटत नाही. काचेच्या छपरावरही हीच अडचण. अशा वेळी मागच्या दाराच्या कडेला स्क्रूने आवळायची अँटेनाची पट्टी लावा आणि स्क्रूखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडू द्या. वायर बिजागरीच्या बाजूने आत घेऊ नका, चेपते. मागच्या दाराच्या रबराखालून घ्या. पार्किंगच्या इमारतीत शिरण्याआधी अँटेना उतरवा.

मग एसडब्ल्यूआर मोजा, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद उलटी फिरते त्याचा आकडा; जितका कमी तितका बरा. हे टाळणारे पुष्कळ आहेत, आणि सेट जळाला की तेच विचारत येतात. साधा मीटर तीस-चाळीस डॉलरच्या आत मिळतो, चार घरांत मिळून एक पुरे. तो अडॅप्टर आणि अँटेनाच्या मध्ये जोडा. गाडी मोकळ्या जागेत, भिंत आणि झाडापासून लांब उभी करा. दारं बंद ठेवा, गाडीला कोणी टेकू नका. चॅनेल १ वर बटन दाबून मीटरचा काटा 'कॅल'च्या खुणेवर आणा, खटका दुसरीकडे सरकवा, आकडा वाचा, बटन सोडा. हेच १९ आणि ४० वर करा. १.५ च्या आत आलं तर उत्तम, २ पर्यंत चालेल. ३ च्या वर असेल तर बोलणं बंद. चॅनेल १ वरचा आकडा चॅनेल ४० वरच्यापेक्षा मोठा असेल तर अँटेना आखूड आहे, टोकाचा स्क्रू सैल करून काडी थोडी वर ओढा. चॅनेल ४० वरचा मोठा असेल तर लांब आहे, खाली ढकला. एका वेळी पाच मिलिमीटरच. सगळीकडेच ३ च्या वर असेल तर काडीला हात लावू नका. वायर चेपलीय, जोडात शॉर्ट आहे किंवा चुंबकाखाली धातूच नाही.

स्क्वेल्च म्हणजे खरखर दाबायचं बटन. आधी पूर्ण उलटं फिरवून खरखर येऊ द्या, मग ती जेमतेम थांबेल एवढंच पुढे न्या. नवे लोक शांतता आवडते म्हणून खूप पुढे नेतात आणि लांबचं काहीच ऐकू येत नाही. सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत दिवसा हजार-दीड हजार किलोमीटरवरचे आवाज आदळतात. सेट बिघडलेला नसतो. तेवढ्यापुरतं स्क्वेल्च वाढवा.

१९ हा ट्रकवाल्यांचा चॅनेल. पश्चिम किनाऱ्यावर आय-५ वर १७ सुद्धा ऐका. ९ तातडीच्या मदतीसाठी राखलेला आहे, पण आता त्यावर कान ठेवणारे थोडे. खरी अडचण आली तर ९ वर हाक द्या आणि लगेच १९ वर द्या. सीबीवरून ९११ लागत नाही. फोनला कुठल्याही कंपनीची रेंज असेल तर सिम नसतानाही ९११ लागतो, तो आधी लावा. हाक देताना रस्त्याचा नंबर, दिशा आणि माइल मार्कर (रस्त्याकडेच्या मैलाच्या पाटीचा आकडा) ही तीन माहिती पहिल्या वाक्यात. 'गावाजवळ, पुलाच्या पुढे' याचा तिथे काही उपयोग नाही.

बोलायची सुरुवात 'ब्रेक वन-नाइन' अशी, आणि कोणी 'गो अहेड' म्हटलं की विचारा. कानावर पडणारे कामाचे शब्द: 'ब्रेक चेक' म्हणजे पुढे गाड्या अचानक थांबल्यात, 'गेटर' म्हणजे रस्त्यात टायरचा तुकडा, 'हॅमर लेन' म्हणजे डावी वेगाची लेन, 'चिकन कूप' म्हणजे वजनकाटा, 'बेअर' म्हणजे पोलीस. पहिले काही दिवस नुसतं ऐका. उच्चाराची लाज बाळगू नका. सावकाश आणि थोडक्यात विचारणाऱ्याला हे लोक नीट उत्तर देतात. रात्री काही जण घाणेरडं बोलतात, वंशावरूनही बोलतात. उत्तर देऊ नका, चॅनेल बदला.

आणि १९ वर आपल्या गाड्यांच्या गप्पा नकोत. 'कथा जाई राहिना भो?' म्हणत चार गाड्यांनी अर्धा तास अहिराणीत तो चॅनेल अडवला तर मागच्याला अपघाताची सूचना पोहोचत नाही. निघायच्या आधी ७ किंवा १२ सारखा एक चॅनेल ठरवा. १८ आणि २० नको, शेजारच्या दणकट सेटचा आवाज तिथे सांडतो. ६ वर मोठ्या ताकदीचे बेकायदा सेट गोंधळ घालतात. नियमाने सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलता येत नाही, त्यानंतर किमान एक मिनिट थांबावं लागतं. बोलायचं काम चालवणाऱ्याने नाही, शेजारी बसलेल्याने करावं.

ट्रक स्टॉपजवळच्या दुकानात ताकद वाढवून देतो म्हणतील, पेटीसारखा ॲम्प्लिफायर दाखवतील. दोन्ही बेकायदा आहेत.

घरी बसून वापरायचा असेल तर डायपोल, म्हणजे दोन तुकड्यांची वायरीची अँटेना, बनवा. तांब्याच्या वायरीचे २.६२ मीटरचे दोन तुकडे, मधोमध ५० ओमची कोॲक्स वायर, एका तुकड्याला आतली तार आणि दुसऱ्याला जाळी. टोकांना प्लास्टिकचे इन्सुलेटर. लाकडी घराच्या माळ्यावर हे झकास चालतं, फक्त तिथे चंदेरी फॉइलचं इन्सुलेशन नको. बाहेर उभारताना विजेच्या तारांपासून अँटेनाच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडा. ती तारेवर पडली तर माणूस जागेवर जातो. ढग गडगडले की वायर सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. भाड्याच्या घरात आणि सोसायटीत आधी लेखी परवानगी घ्या. टीव्हीच्या डिश अँटेनाला जे कायद्याचं संरक्षण आहे ते सीबीच्या अँटेनाला नाही. खरखर फार असेल तर घरातले एलईडी दिवे आणि फोनचे चार्जर एकेक करून बंद करा, चोर सापडतो.

बॅटरी रिचार्जच्या निकेल-मेटलच्या घ्या. त्या १.२ व्होल्टच्या, साध्या अल्कलाइन १.५ च्या. म्हणून काही डब्यांत रिचार्जचे जास्त सेल बसतात आणि साधे वापरताना रिकाम्या जागी डमी सेल घालावे लागतात. डमी विसरून सगळे साधे सेल कोंबू नका. उन्हात बंद गाडीत सेट ठेवू नका. कडाक्याच्या थंडीत सेल निम्म्यावर येतात, तेव्हा खिशात ठेवा.

शेवटी दर सुट्टीला येणारा प्रश्न: रावेर-यावलच्या केळीच्या बागेत किंवा तोरणमाळकडे वापरायला एक सेट गावी न्यावा का? नेऊ नका. भारतात सीबीला परवान्यातून सूट आहे ती २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झपुरती, ५ वॉटपर्यंत आणि अंगभूत अँटेना असलेल्या सेटला. अमेरिकन सेटचे २८ ते ४० चॅनेल त्याच्या बाहेर पडतात आणि अँटेना काढता येते. शिवाय तिथे संचाला ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी सरकारी मंजुरी, लागते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक सूचनाही काढल्यात. गावच्या भावाला तिथेच, ईटीए असलेला, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा बिनपरवाना सेट घ्यायला सांगा. केळीच्या ओल्या पानांत त्याची रेंज घटते, तेव्हा बोलणाऱ्याने बांधावर किंवा विहिरीच्या कठड्याजवळ मोकळ्यात यावं. आणि इथला सिगारेट लायटरचा अडॅप्टर कुणाच्या ट्रकमध्ये लावायला देऊ नका. इथले ट्रक १२ व्होल्टवर चालतात, आपल्याकडचे मोठे ट्रक २४ वर.