बीएचा विद्यार्थी इंटर्न म्हणून घ्यायचा असेल तर

सोलर वॉटर हीटर बसवायचे आणि दुरुस्त करायचे हा आमचा धंदा. दुकान पुण्यात, सिंहगड रोडला. इंटर्न हवा म्हटलं की मी इंजिनिअरिंग कॉलेजलाच फोन लावायचो. बीएची मुलं आपल्याकडे येऊन काय करणार, असा सरळ हिशोब. तो चुकला कसा ते सांगतो, आणि तुम्हाला घ्यायचा असेल तर काय क्रमाने करायचं तेही.

१. आधी काम, मग विद्यार्थी

रोज नडणारं, पण कुणाच्याच वाट्याला न आलेलं एखादं काम प्रत्येक धंद्यात असतं. बहुतेक वेळा त्याचं मूळ माणसांत किंवा भाषेत असतं. जुनी गिऱ्हाइकं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, का सोडतात? सोसायट्यांना पाठवलेलं पत्र कुणी वाचत का नाही? असं काम एका वाक्यात, प्रश्न म्हणून कागदावर लिहा. 'ऑफिसच्या कामात मदत' एवढंच सुचत असेल तर यंदा इंटर्न घेऊ नका. पहिल्या वर्षी इतिहासाचा एक मुलगा आला होता, त्याला मी जुन्या फायली लावायला बसवलं. नवव्या दिवसापासून तो आलाच नाही. बरोबरच केलं त्यानं.

दुसऱ्या वर्षी शहाणा झालो. 'पाणी तापत नाही' या तक्रारीवर मेकॅनिक जातो, सगळं ठीक निघतं, फेरी फुकट. असं का होतं, हा प्रश्न समाजशास्त्राच्या एका मुलीला दिला. तिनं तीन दिवस नुसते तक्रारींचे फोन ऐकले. मग आमच्या मेकॅनिक काकांच्या स्कूटरवर बसून कोथरूडला गेली. चार मजली इमारत, टाकी गच्चीवर, तक्रार तळमजल्यावरच्या आजींची. टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं गरम. काका सवयीनं 'दोष आढळला नाही' लिहायला लागले, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, आजी नळ सोडल्यावर किती वेळ थांबतात, ते विचारूया का?"

आजी थांबतच नव्हत्या. पाणी वाया जातं म्हणून दोन तांबे गार आलं की नळ बंद. गच्चीपासून त्यांच्या मोरीपर्यंत वीसेक मीटर पाऊण इंची पाइप. मीटरला साधारण ३०० मिली धरा, म्हणजे सहा लिटर गार पाणी पाइपातच उभं. ते बाहेर पडल्याशिवाय गरम येणार कुठून? काकांना हे तीस वर्षं माहीत होतं. आजींना कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

तिनं एक स्टिकर लिहिला: 'पहिली अर्धी बादली गार येईल. ती भांड्यांना, झाडांना वापरा. मग आंघोळीचं पाणी काढा.' आता प्रत्येक नव्या जोडणीनंतर आम्ही तो नळाशेजारच्या फरशीवर चिकटवतो आणि त्या तक्रारीचे फोन बरेच कमी झालेत. याच तक्रारीवर आधीच्या इंजिनिअर इंटर्ननं टाकीला सेन्सर सुचवला होता. सेन्सर वाईट नव्हता, पण दुखणं टाकीत नव्हतंच.

२. कोणत्या विषयाचा?

प्रश्न नीट लिहिला की विषय आपोआप सुचतो. सर्व्हिसच्या फेऱ्यांचा नकाशा हवा असेल तर भूगोल, गिऱ्हाइकांशी बोलून घ्यायचं असेल तर मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र, माहितीपत्रक लोकांनी वाचावं असं वाटत असेल तर मराठी. चाकणकडे जर्मन किंवा जपानी कंपन्यांशी व्यवहार असेल तर विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तिथे चौकशी करा.

३. कॉलेजला फोन

शिक्षण आणि नोकरी आलटूनपालटून करण्याची 'को-ऑप' पद्धत अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली सुरू झाली, तीही इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी. आपल्याकडे आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमातच ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी), म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं, आलंय, आणि ते बीएलाही आहे. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज चार तास धरले तर ३० दिवस. त्यामुळे फर्ग्युसन, एसपी, मॉडर्न, गरवारे, कुठेही फोन केलात तरी 'ओजेटी कोण बघतं?' एवढं विचारलं की पुरतं. तुम्ही विचारताय याचंच त्यांना बरं वाटेल, कारण बीएच्या मुलांना जागा शोधताना त्यांची दमछाक होते.

कॉलेजला तुमच्याकडून संमतीपत्र, हजेरी, कामाच्या नोंदींवर सही आणि शेवटी मूल्यमापन लागतं. परीक्षांच्या तारखा आधीच मागून घ्या. आणि गणपतीच्या दहा दिवसांत काही अपेक्षा ठेवू नका. बरीच मुलं ढोल-ताशा पथकात असतात, सराव तर महिना-दीड महिना आधीच सुरू होतो.

४. निवड

'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता' वगैरे राहू द्या. गिऱ्हाइकाची एक खरी तक्रार द्या, नाव-पत्ता काढून, आणि म्हणा: या माणसाला अजून काय विचारशील? अर्धा पान, वीस मिनिटं. उपाय सुचवणारे खूप भेटतील. ज्यानं चांगले प्रश्न लिहिले त्याला घ्या. एक्सेल येत नसेल तर दोन दिवसांत शिकवता येतं.

५. पैसे आणि कायदा

विद्यावेतन द्या. जमत नसेल तर निदान पीएमपी बसचा पास आणि दुपारचं जेवण, आणि हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. 'अनुभव मिळतोय ना' हे वाक्य तोंडातून काढू नका. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, वेतन असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. कुठल्याही इंटर्नला एकटं गिऱ्हाइकाच्या घरी पाठवू नका.

पदवीनंतर त्याच मुलाला ठेवायचं असेल तर अप्रेंटिसशिपचा, म्हणजे करार करून पगारी उमेदवारीचा, रस्ता आहे. १९६१ चा हा कायदा २०१४ च्या दुरुस्तीनंतर इंजिनिअरिंगबाहेरच्या पदवीधरांनाही खुला झाला. ३० किंवा जास्त माणसं असलेल्यांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक. केंद्राच्या 'नॅट्स' या अप्रेंटिसशिप योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलतं.

६. पहिला आठवडा आणि शेवटचा दिवस

पहिला आठवडा खुर्चीवर बसवू नका. सर्वांत जुन्या माणसाबरोबर हिंडू द्या. त्या माणसाला मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर 'ही पोरगी माझ्यावर लक्ष ठेवायला आली' असा समज होतो. आमच्या काकांचा झाला होता. दोन दिवस त्यांनी चहाला बोलावलं नाही.

शेवटी सर्टिफिकेटवर 'मेहनती व प्रामाणिक' लिहून मोकळे होऊ नका. कोणता प्रश्न दिला होता आणि त्याचं काय झालं, ते लिहा. तिच्या सर्टिफिकेटला मी तो स्टिकरच टाचून दिला.