झोपेची गोळी मागण्याआधी

माझं गोव्यात फोंड्याला औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी पणजीहून येणाऱ्या बसेस रिकाम्या झाल्या की काउंटरवर गर्दी होते आणि कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, "झोपेचं काहीतरी दे, बाबा." चिठ्ठी नसते. झोपेसाठी लोक मागतात ते अल्प्राझोलम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, आणि दिलं की रजिस्टरला नोंद करून ती ३ वर्षं जपावी लागते. गोंयकार सुशेगाद, म्हणजे निवांत असतो म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या काउंटरमागे उभं राहावं!

गोळी देत नाही, पण प्रश्न विचारतो. दुखतंय काय? ताण माझ्याकडे पित्ताची गोळी, डोक्याला बाम, मानेला मलम मागत येतो. अंगावर कुत्रा धावून आला काय किंवा साहेबाचा मेसेज आला काय, शरीर तयारी एकच करतं. आधी अ‍ॅड्रेनालिन, मागोमाग कॉर्टिसॉल, ही ताणाची संप्रेरकं रक्तात सुटतात. नाडी वाढते, स्नायू आवळतात, पचन मागे पडतं. कुत्रा निघून जातो. मेसेज रात्री अकरापर्यंत येतच राहतात. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हेच मांडलं होतं: शरीर आधी खडबडून उठतं, मग तग धरतं, आणि त्रास थांबलाच नाही तर खचतं.

आत्ता बघा, दातांवर दात दाबलेले आहेत का? खांदे वर चढलेत का? आधी ते सोडा.

मग श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडायचा तो सावकाश. पाच मिनिटं पुरे. चक्कर वाटली तर थांबा. बसमध्ये बाणास्तारीचा पूल आला की सुरू करा, शेजारच्याला कळतही नाही. मोजायचा कंटाळा असेल तर देवळात भजनाला बसा. लांब ओळ ओढून म्हणताना श्वास आपोआप तसाच सुटतो, शिवाय चार माणसं भेटतात. चवथीच्या आरत्यांना गळा सोडून ओरडणारे घरी जाऊन गाढ झोपतात ते काही उगाच नाही.

दुसरा प्रश्न चहाचा. रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. सहाच्या चहातलं निम्मं अकराला अंगात असतं, आणि माणूस म्हणतो झोप येत नाही! कुंडईला रात्रपाळी करणाऱ्यांनी शेवटचा कप पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्यावा. पेगचंही तेच. डोळा पटकन लागतो, पण पहाटे तीनला टक्क उघडतो.

काळज्या कागदावर उतरवा, डोक्यात ठेवू नका. जमिनीच्या कज्ज्याची तारीख पुढच्या महिन्यात असेल तर आज रात्री त्यात करण्यासारखं काही नाही. तिथे तारीख लिहून ठेवा. लाइटचं बिल आत्ता भरता येतं. ते भरून टाका.

एवढं करूनही दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, तर दुकानदाराला विचारू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे, तिथे जायला लाजू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. छातीत दुखत असेल तर ताण म्हणून घरी बसू नका, १०८ ला फोन लावा.

आणि कुणाच्या तरी पाकिटातली झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल, तर हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. तसं केलं तर थरथर सुटते, क्वचित झटकेही येतात. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. डोस हळूहळू कसा उतरवायचा ते तोच लिहून देईल.