स्नोबोर्डिंगचा मेळावा दोन महिन्यांवर आला की काय काय करावं

एका मेळाव्याच्या पहिल्याच सकाळी माझ्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट बोर्डला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, घोट्यावरचा पट्टा तुटला. रात्रभर बर्फ पडला होता, लिफ्ट नुकती सुरू झाली होती आणि सात जण बोर्ड घेऊन माझ्यासाठी ताटकळत उभे होते. जुळणारा पट्टा शोधून आणण्यात पाऊण तास गेला. आम्ही वर पोचलो तेव्हा तो कोरा उतार इतरांनी पार नांगरून टाकला होता. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण त्या पट्ट्याला आदल्या हंगामातच चीर गेली होती. दोन महिने आधी घरी बोर्ड खाली काढला असता, तर ती मला तेव्हाच दिसली असती.

एकट्यानं गेलं तर चुकीची किंमत एकट्यानंच मोजायची असते. मेळाव्यात ती सगळ्यांना मोजावी लागते. म्हणून वाट पाहण्याच्या या आठवड्यांत मी आता खालच्या गोष्टी क्रमानं करतो. खरं सांगायचं तर त्या करताना मेळावा घरातच सुरू झाल्यासारखा वाटतो.

पायरी १: आधी डोंगर ओळखीचा करून घ्या

तारीख ठरली की रिसॉर्टचा मार्गांचा नकाशा मिळवा. तिथे स्नोबोर्डला परवानगी आहे ना, हे सर्वांत आधी बघा. प्रश्न विचित्र वाटेल, पण अमेरिकेतल्या आल्टा, डीअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी आजही फक्त स्कीवाल्यांनाच प्रवेश आहे. १९६५ साली शर्मन पॉपेन यांनी मिशिगनमध्ये दोन स्की एकत्र जोडून मुलींसाठी ‘स्नर्फर’ बनवला, तिथून या खेळाची सुरुवात धरतात. १९९८ मध्ये नागानोला तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये पोचला. मधल्या काळात बऱ्याच डोंगरांनी बोर्डवाल्यांना दारातच अडवलं होतं. आपल्या मंडळींना एकत्र जमायची इतकी ओढ का, याचं थोडं उत्तर मला त्या काळात सापडतं.

नकाशात दोन गोष्टींवर खूण करा. पहिली म्हणजे सपाट जोडरस्ते. स्कीवाल्याच्या हातात काठ्या असतात, तो ढकलत पुढे जातो. आपण सपाटीवर थांबलो की बोर्डमधून पाय सोडवून ढकलत किंवा चालत जाणंच उरतं. अशा रस्त्याआधीचा उतार वेग न मोडता पार करायचा, हे सगळ्या गटाला आधीच माहीत हवं. दुसरी गोष्ट म्हणजे उंची. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यामुळे पायथ्याचा अंदाज माथ्याला लागू पडत नाही. मुक्काम २५०० मीटरच्या वर असेल तर डोकेदुखी, मळमळ, झोपमोड असे विरळ हवेचे त्रास होऊ शकतात. तसं असेल तर एक दिवस आधी पोचा आणि पहिला दिवस हलका ठेवा.

पायरी २: सामान आत्ताच खाली काढा

ही पायरी आठ आठवडे आधी करायची आहे, आठ दिवस आधी नाही. सुटा भाग मागवायचा तर त्याला वेळ लागतो.

बाइंडिंगपासून सुरुवात करा. प्रत्येक पट्टा वाकवून चिरा शोधा. पट्टा आवळणाऱ्या खटक्याचे दात झिजलेत का ते बघा आणि सगळे स्क्रू हातानं तपासून घट्ट करा. उतारावरच्या सततच्या कंपनानं ते सैल होतात. दोन पायांमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त ठेवलं की बहुतेकांना बरं पडतं. पुढचा पाय १५ अंश पुढे आणि मागचा ६ ते ९ अंश मागे वळवणं हा नवशिक्यासाठी चांगला आरंभ आहे, पुढे गुडघे सांगतील तसा बदल करावा. पुढचा पाय कोणता हे अजून ठरलं नसेल, तर मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा. जो पाय आपोआप पुढे येईल, बहुधा तोच तुमचा पुढचा पाय.

मग बूट. पैसे एकाच वस्तूवर खर्च करता येणार असतील तर ते बुटांवर करावेत, असं माझं ठाम मत आहे. बोर्ड भाड्यानं घेतला तर चालतो, पण दुसऱ्याच्या पायाच्या आकाराला बसलेला बूट चार दिवस छळतो. ताठ उभं राहिलात की बोटांची टोकं पुढच्या बाजूला जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती थोडी मागे सरकली पाहिजेत. टाच अजिबात उचलली जाता कामा नये. टाच उचलली की बोर्डच्या कडेवरचा ताबा गेलाच. मोजा एकच घाला, तोही लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि दोन मोजे घातले की त्यांच्या सुरकुत्यांनी फोड येतात. बूट नवे असतील तर रोज संध्याकाळी तासभर घरात घालून वावरा. कुठे टोचतं ते घरीच कळू दे.

आता बोर्डचा तळ. कडांवर गंज आला असेल तर रबरी घासणीनं हलक्या हातानं काढा. मग मेण लावा. हे काम मला फार आवडतं. इस्त्री मेण वितळेल इतकीच गरम ठेवा. धूर येऊ लागला तर ती जास्त तापली आहे. मेणाचे थेंब तळावर पाडा आणि इस्त्री एका जागी न थांबवता बोर्डच्या नाकापासून (पुढच्या टोकापासून) शेपटीपर्यंत (मागच्या टोकापर्यंत) फिरवत राहा. अर्धा तास थंड होऊ द्या. मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं सगळं खरवडून काढा. इतक्या कष्टानं लावलेलं मेण खरवडायला पहिल्यांदा जिवावर येतं, पण तळाच्या सूक्ष्म छिद्रांत जेवढं मुरलं तेवढंच कामाचं असतं. वर राहिलेला थर वेग मारतो. शेवटी ब्रश फिरवा. कडक थंडीच्या बर्फाला कठीण मेण, ओलसर बर्फाला मऊ मेण. अंदाज नसेल तर सर्व तापमानांचं एकच मेण वापरलं तरी चालेल. आणि हे मेण मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात लावा. आत्ता फक्त तळाला खोल ओरखडे आहेत का ते बघून ठेवा.

दुरुस्तीची एक छोटी थैली भरा: स्क्रूड्रायव्हर, जादा स्क्रू, एक जादा पट्टा, बुटाची नाडी आणि डक्ट टेप. माउंट बेकरला १९८५ पासून भरणाऱ्या बँक्ड स्लॅलम शर्यतीत विजेत्यांना चषक म्हणून सोनेरी डक्ट टेपचं गुंडाळं देतात. ज्याला उतारावर फाटकी पँट किंवा तुटका पट्टा टेपनं जोडावा लागला आहे, त्याला या बक्षिसाचं मोल सांगावं लागत नाही.

पायरी ३: पायांत बळ आणा

आठवड्यातून तीनदा, अर्धा तास पुरे. बैठका, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवण्याचा व्यायाम, भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं थांबणं आणि पोट व कंबर घट्ट करणारा प्लँक. भिंतीला टेकून थांबण्याचा वेळ दर आठवड्याला थोडा वाढवत न्या. बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर लांब उतार उतरताना मांड्यांची जी आग होते, ती नेमकी इथे आधी भेटते. दात घासताना एका पायावर उभं राहा, जमू लागलं की डोळे मिटून. शेवटच्या तीन-चार दिवसांत जोराचा व्यायाम थांबवा. स्नायूंचं दुखणं एक-दोन दिवसांनी भरात येतं आणि ते घेऊन पहिल्या लिफ्टवर बसण्यात अर्थ नाही.

पायरी ४: पडण्याचा सराव करा

स्नोबोर्डवर नवशिक्यांना सर्वांत जास्त इजा मनगटाला होते. तोल गेला की हात आपोआप पुढे जातो, तळवा उघडतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. ही सवय घरी गादीवर मोडता येते. पुढे पडताना मुठी मिटा, गुडघे आणि पुढचे हात म्हणजे कोपरापासून मुठीपर्यंतचा भाग, यांवर पडा. मागे पडताना खाली बसत जा, हनुवटी छातीला लावा, हात छातीशी घ्या आणि पाठीवर लोळा. रोज दहा वेळा करा. मनगटाचे संरक्षक पट्टे आणि हेल्मेट हवंच. हेल्मेटला पूर्वी मोठा आपटा बसला असेल तर वरून ते धड दिसलं तरी बदला.

पायरी ५: कपडे आणि डोळे

अंगालगत घाम बाहेर टाकणारा थर, वर ऊब धरणारा, सगळ्यांत बाहेर पाणी आणि वारा अडवणारा. सुती काहीच नको. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, कारण एक ओला होणारच. गॉगलला ढगाळ दिवसासाठी पिवळट किंवा गुलाबी काच आणि उन्हासाठी गडद काच ठेवा. आतून वाफ धरली तर बोटानं पुसू नका, आतला लेप निघतो. सनस्क्रीन थंडीतही लावा. दर १००० मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावायचं.

पायरी ६: मंडळींशी आधीच बोलून घ्या

मेळाव्यातले रुसवेफुगवे बहुतेक एकाच कारणानं होतात. कोण किती उतरू शकतं हे कुणी विचारलेलंच नसतं. ‘मी निळ्या मार्गावर जातो’ एवढ्यानं काही कळत नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी निळा म्हणजे सर्वांत सोपा. उत्तर अमेरिकेत सोपा हिरवा असतो आणि निळा चौकोन मधल्या पातळीचा. जपानमध्ये मधल्या पातळीला लाल रंग आहे. म्हणून रंग विचारू नका. असं विचारा: टाचेच्या आणि चवड्याच्या, दोन्ही कडांवर वळणं घेत न थांबता किती वेळ उतरता येतं? सपाटीवर एक पाय मोकळा ठेवून ढकलत जाता येतं का? लिफ्टवरून एकट्यानं उतरता येतं का? उत्तरांवरून आपोआप दोन-तीन गट पडतात.

मग दिवसाची रचना ठरवा. मला आवडणारी पद्धत अशी: सकाळी पहिली फेरी सगळ्यांनी मिळून सर्वांत सोप्या मार्गानं उतरायची, नंतर गटागटानं पांगायचं, दुपारी एका ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी भेटायचं आणि शेवटची फेरी पुन्हा एकत्र. जागा नेमकी सांगा. ‘लिफ्टजवळ’ म्हणून भागत नाही. थंडीत फोनची बॅटरी झपाट्यानं उतरते, त्यामुळे फोन आतल्या खिशात ठेवा आणि तो बंद पडला तरी भेटता येईल असं ठरवून ठेवा.

नव्यांना नियमही आधी सांगा. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे वर्तनाचे १० नियम आहेत. त्यांतला सर्वांत आधी लक्षात ठेवण्याजोगा हा की खालच्याचा मान आधी. वरून येणाऱ्यानं आपली वाट अशी निवडायची की पुढच्याला धोका होणार नाही. थांबायचं ते कडेला, उंचवट्यामागे किंवा अरुंद जागी कधीच नाही. निघताना वर बघून निघायचं. शिवाय बोर्डवाल्याला एक आंधळी बाजू असते. डावा पाय पुढे असेल तर तोंड उजवीकडे असतं आणि डावीकडून मागून येणारा दिसत नाही. सोबत्याचा पुढचा पाय कोणता हे माहीत असलं की त्याला कुठल्या बाजूनं ओलांडायचं ते कळतं.

पायरी ७: आखलेल्या मार्गाबाहेर जायचं असेल तर

हा निर्णय तिथल्या उत्साहात घेऊ नका. घरी घ्या. प्रत्येकाकडे हिमस्खलन ट्रान्सिव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं, संदेश सोडणारं आणि पकडणारं यंत्र), शोधकाठी आणि फावडं हवं आणि ती वापरण्याचं प्रशिक्षण झालेलं हवं. गाडलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या १० ते १५ मिनिटांत असते. तेवढ्या वेळात फक्त शेजारी असलेले सोबतीच पोचू शकतात. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे आपल्याला मोहात पाडणाऱ्या उतारांवरच. धोक्याची पातळी १ ते ५ आकड्यांत सांगतात. ३ हा आकडा मधला दिसतो, पण त्या पातळीला एका माणसाच्या वजनानंही उतार सुटू शकतो. फोन ट्रान्सिव्हरपासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोध घेताना ५० सेंटिमीटर. विम्यात आखीव मार्गाबाहेरची सुटका धरली आहे का, तेही वाचून बघा. गटातल्या एकाकडेही यातलं काही कमी असेल तर सगळ्यांनी आखलेल्या मार्गांवरच राहायचं, हे आधी ठरलेलं असावं. वर जाऊन कुणाला एकट्याला ‘नाही’ म्हणायला लागू नये.

पायरी ८: आदली रात्र आणि पहिली लिफ्ट

बूट गरम खोलीत ठेवा, गाडीत नाही. गारठलेला बूट कडक होतो आणि पाय आत जात नाही. लिफ्टचे पास, हातमोजे, गॉगल, सगळं एका जागी. रात्री मेळाव्याच्या गप्पा रंगतात, पण उंचीवर मद्य जपून घ्या आणि पाणी भरपूर प्या.

सकाळी लिफ्टवर बसताना मागचा पाय मोकळा. उतरायची जागा जवळ आली की बोर्डचं नाक सरळ करा, मोकळा पाय दोन बाइंडिंगच्या मध्ये मागच्या बाइंडिंगला टेकवून ठेवा, नजर पायांवर नको, पुढे. शेजाऱ्याला धरू नका. उभं राहा, घसरत जा आणि मागच्यांसाठी लगेच बाजूला व्हा. कडेला बसून मागचा पट्टा आवळा, खटक्यांचा आवाज ऐका आणि शेवटचा माणूस वर येईपर्यंत तिथेच थांबा. पहिली फेरी सगळ्यांबरोबर उतरायची आहे.