अंगणवाडीतल्या मुलांचं ऐकायचं असेल तर

खेड्यात लहान मुलांवर अभ्यास करायला आलेले बरेच जण बोलतात ते सेविकाताईंशी आणि मुलांच्या आई-आजीशी. चार वर्षांच्या पोराला काय विचारायचं, म्हणून त्याला वगळतात. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं कलम १२ मात्र मुलांचं मत ऐकून घ्या म्हणतं, आणि २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीने त्यात अगदी लहान मुलंही येतात हे स्पष्ट केलं.

१. आईवडिलांची परवानगी संध्याकाळी घरी जाऊन घ्या. कापूस वेचणीत दिवसा घरी कोणी सापडत नाही.

२. मुलाचा होकार वेगळा घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संशोधनातल्या नीतीविषयीची २०१७ ची तत्त्वं सात वर्षांपासून पुढच्या मुलांची संमती मागतात. त्याहून लहानांचं उत्तर देहबोलीवरून ओळखावं लागतं. मूल मदतनीस मावशीच्या पदराआड गेलं, किंवा 'हो' म्हणत दाराकडेच बघत राहिलं, तर तो नकार. मावशी "सांग न बेटा" म्हणत पुढे ढकलतील. त्यांना हसून थांबवा.

३. प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. "चाल, मले तुमची अंगणवाडी दाखव," म्हणा आणि मागे मागे चाला. ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांच्या 'मोझेक' पद्धतीत अशा फेऱ्या, मुलांनी काढलेले फोटो आणि चित्रं एकत्र ठेवून बघतात. साधा मोबाइल हातात द्या. खेळण्यांचा फोटो येईल असं तुम्हाला वाटतं, आणि येतो कपाटाच्या कुलपाचा, तोही खालून काढलेला. अर्थ लावायची घाई नको. फोटो त्यालाच दाखवा, "हे काय हाय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच मोठ्यांना जमत नाही.

४. "काऊन?" म्हणजे "का?" जपून वापरा, मुलाला ती झडती वाटते. तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपलं आधीचं उत्तर चुकलं असं समजून मूल उत्तर बदलतं.

५. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारं माणूस सोबत हवं. शक्यतो गुरुजी नकोत.

६. टिपताना 'मले'चं 'मला' करू नका. चित्र मुलाकडेच राहू द्या, तुम्ही फोटो न्या.

७. "कोणाले सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मारहाणीचं कानावर आलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे आईवडिलांना परवानगी घेतानाच सांगून ठेवा.