यंत्रणा कशी चालेल, ते आधी भिंतीवर उतरवा

नवी यंत्रणा बांधण्याआधी ती प्रत्यक्षात कशी वापरली जाईल, याचं चित्र वापरणाऱ्यांसोबत बसून काढावं. १०८ रुग्णवाहिका सेवेचं उदाहरण घेऊ.

सहा ते आठ जण बोलवा. चालक, डॉक्टर आणि फोन घेणारा कर्मचारी हवेतच. नुसते अधिकारी जमले तर कागदावरची पद्धत उमटते, रस्त्यावरची नाही. प्रसंग एकच निवडा: रात्री २ वाजता घाटात अपघात, मोबाइलला रेंज नाही.

भिंतीवर किंवा मिरोसारख्या ऑनलाइन फळ्यावर आडवे पट्टे आखा, प्रत्येक भूमिकेला एक. वेळ डावीकडून उजवीकडे. एका चिठ्ठीवर एकच कृती, क्रियापदासह: ‘ठिकाण विचारते’. ‘जीपीएस बसवा’ अशी चिठ्ठी आली तर ती बाजूला ठेवा. तो उपाय झाला, आणि गरज कळण्याआधी उपाय ठरला की पुढचं सगळं त्याच्याच मागे फरफटतं. पहिली १० मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. नाहीतर वरिष्ठांचंच म्हणणं भिंतीवर चढतं.

मग बाण जोडा. बाण पट्टा ओलांडतो तिथे रेंगाळा, कारण घोळ बहुतेक तिथेच असतो. कोणता निरोप, कशावरून, आणि पोचलाच नाही तर? उत्तर नसेल तिथे लाल चिठ्ठी, तिच्यावर जबाबदार माणसाचं नाव.

त्याच दिवशी फोटो काढून सिसएमएलमधली (यंत्रणांचे आराखडे मांडायची प्रमाणित चित्रभाषा) ॲक्टिव्हिटी आकृती, म्हणजे कृतींचा क्रम दाखवणारी आकृती, करा. चालकाला मात्र पट्ट्यांचंच चित्र परत दाखवा. चुका त्यालाच आधी दिसतात.