टर्बोचा जादा दाब : बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधावे

सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाट लागेपर्यंत गाडी सुरळीत चालते. चढावर मात्र तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला की ती जोरात उचल घेते आणि पुढच्याच क्षणी कोणी मागून ओढून धरल्यासारखी मंदावते. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, पिकअप जातो, आणि गाडी बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की सारे पूर्ववत होते. टर्बो (एक्झॉस्ट वायूंच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) असलेल्या गाडीत हे घडत असेल, तर टर्बोचा दाब मर्यादेपलीकडे गेल्यामुळे ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, इंधन कमी करून इंजिन सांभाळले असण्याची शक्यता असते. परंतु दाब कमी पडला तरीही गाडी अशीच मंदावते, म्हणून ईसीयूतील नोंदी वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय काहीही ठरवू नये. जादा दाबाचा प्रमाणित बिघाड-कोड पी ०२३४ आहे, तर कमी दाबाचा पी ०२९९. कोड नोंदवताना त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, भार आणि बहुधा दाबही ईसीयूने साठवलेला असतो. कोड पुसला की हे आकडेही जातात, त्यामुळे आधी ते वहीत उतरवून घ्यावेत. ‘कोड काढून टाकला, आता बघू’ असे म्हणणाऱ्या मिस्त्रीने आपला अर्धा पुरावाच पुसलेला असतो.

यानंतरचा प्रश्न असा की, दाब खरोखरच वाढला आहे की सेन्सर खोटे सांगत आहे? याची तपासणी फुकट होते आणि तरीही ती सर्रास वगळली जाते. इंजिन बंद ठेवून केवळ चावी चालू करावी आणि स्कॅनरवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा पाहावा. त्या वेळी टर्बो फिरत नसल्याने सेन्सरने भोवतालच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सोलापूर जवळपास ४६० मीटर उंचीवर असल्याने येथे तो ९६ किलोपास्कलच्या आसपास यावा. हवामानाच्या ॲपमध्ये सोलापूरचा दाब १००८ किंवा १०१० हेक्टोपास्कल दिसतो, पण तो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो, त्याच्याशी तुलना करून सेन्सर बाद ठरवू नये. इंजिन बंद असताना आकडा ११०च्या पुढे असेल, तर मात्र सेन्सर किंवा त्याची वायर संशयास्पद आहे. डिझेल गाडीत या सेन्सरच्या टोकावर तेलकट काजळी बसते. ती इलेक्ट्रॉनिक भागांसाठीच्या क्लीनरने हलक्या हाताने साफ करून, सेन्सर वाळल्यावर पुन्हा वाचन घ्यावे.

येथेच आणखी एक घोटाळा होतो. स्कॅनरवरील आकडा सहसा निरपेक्ष दाबाचा असतो, म्हणजे भोवतालच्या हवेचा दाब त्यात धरलेला असतो. नळीला जोडलेले काट्याचे गेज मात्र वातावरणापेक्षा जास्त असलेला तेवढाच दाब दाखवते. स्कॅनरवर २२० किलोपास्कल दिसले तर सोलापुरात गेजवर साधारण १२४ किलोपास्कल, म्हणजे सुमारे १८ पीएसआय दिसले पाहिजे. नळीत टी आकाराचा जोड लावून गेज बसवल्यावर दोन्ही आकडे या हिशेबाने जुळले, तर सेन्सर निर्दोष आहे आणि दाब खरोखरच वाढतो आहे, असे धरून पुढे जावे. गाडीला ताकद वाढवण्यासाठी बाहेरून ट्युनिंग बॉक्स लावला असेल, तर तो आधी काढून ठेवावा. असे काही बॉक्स ईसीयूला मुद्दामच कमी दाब कळवतात, आणि मग स्कॅनरवरच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

आता बोनेट उघडून टर्बो कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे. सगळा तपास यावर अवलंबून आहे, कारण फाटलेली एकच नळी दोन प्रकारांत नेमके उलटे लक्षण दाखवते. साध्या टर्बोत वेस्टगेट नावाची झडप असते. ती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरमधील स्प्रिंग तिला बंद धरते आणि टर्बोचाच दाब नळीवाटे ॲक्च्युएटरला मिळाल्यावर ती उघडून जादा एक्झॉस्ट वायू बाहेर सोडते. ही नळी फाटली किंवा निसटली तर झडपेला उघडण्याचा निरोपच मिळत नाही आणि दाब वाढत जातो. टर्बोच्या चक्राभोवती हलणारी पाती असलेल्या, म्हणजे बदलत्या पात्यांच्या टर्बोत, ज्याला व्हीजीटी म्हणतात, अनेक डिझेल गाड्यांमध्ये व्हॅक्युमने, म्हणजे नळीतील हवा ओढून घेतल्याने, पाती मिटतात आणि दाब चढतो. तिथे नळी फाटली तर पाती उघडी राहतात आणि दाब उलट कमी पडतो. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचा ७५ पीएसचा प्रकार साध्या टर्बोचा, तर ९० पीएसचा प्रकार बदलत्या पात्यांचा आहे, म्हणून इंजिन तेच आहे एवढ्यावर विसंबू नये. काही पेट्रोल गाड्यांत वेस्टगेटसुद्धा व्हॅक्युमने बंद होतो. तेथे नळीचा हिशेब व्हीजीटीसारखाच करावा.

साध्या वेस्टगेटच्या गाडीत नळीपासूनच सुरुवात करावी. उन्हाळ्यात येथील पारा चाळीसच्या वर जातो, त्यात टर्बोची स्वतःची उष्णता, त्यामुळे रबर कडक होऊन तोंडाशी चिरते. ती चीर नळी वाकवल्याशिवाय दिसत नाही. नळी ठीक असेल तर, इंजिन पूर्ण गार झाल्यावर, रेग्युलेटर लावलेल्या हवेने ॲक्च्युएटरला हळूहळू दाब द्यावा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाला ॲक्च्युएटरला झडपेशी जोडणारा दांडा सरकू लागला पाहिजे आणि हवा रोखून धरल्यावर मिनिटभर तरी तिथेच थांबला पाहिजे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा थेट कधीही देऊ नये, ॲक्च्युएटरमधील पातळ पडदा (डायफ्राम) फाटून एक नवाच बिघाड पदरात पडतो. दांड्याच्या नटावर पान्याच्या ताज्या खुणा आहेत का हेही पाहावे. पिकअप वाढवण्यासाठी कोणीतरी तो आवळून ठेवला असेल, तर वेस्टगेट उशिरा उघडणारच. सायलेन्सर बदलून मोकळा बसवलेला असेल, तर वेस्टगेट पूर्ण उघडूनही त्याचे छिद्र पुरत नाही आणि वेगाबरोबर दाब सरपटत वर जातो.

व्हीजीटीमध्ये बहुतेकदा काजळी हे कारण निघते. सोलापूर शहरात सात रस्ता ते नवी पेठ एवढ्याच टप्प्यात दिवसभर फिरणाऱ्या गाडीचा टर्बो कधी नीट तापतच नाही, आणि पात्यांच्या कड्यावर काजळी साचत जाते. त्याची चाचणी हातातल्या व्हॅक्युम पंपाने करावी. व्हॅक्युम वाढवताना दांडा न अडखळता एकसारखा ओढला गेला पाहिजे. मात्र खरी परीक्षा परतीची आहे. व्हॅक्युम हळूहळू सोडताना तो मध्येच अडकला आणि मग झटक्याने परतला, तर पाती मिटलेल्या स्थितीत अडकत आहेत. आणखी सोपी पद्धत अशी की, सोबत्याला इंजिन चालू-बंद करायला सांगून आपण दांडा पाहावा. व्हॅक्युमवर चालणाऱ्या बहुतेक डिझेल गाड्यांत इंजिन सुरू होताच तो आत ओढला जातो आणि बंद केल्यावर सहज बाहेर येतो. काजळी असेल तर टर्बो उतरवून साफ करावा लागतो. डिझेलमध्ये ओतायच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. साफ करताना दांड्याची हालचाल जिथे संपते त्या शेवटच्या थांब्याचा स्क्रू हलवू नये, आणि काजळी इतकी का झाली, म्हणजे ईजीआर (एक्झॉस्ट वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा इंजेक्टरमध्ये दोष आहे का, हेही त्याच वेळी तपासावे, नाहीतर काही महिन्यांनी तेच काम पुन्हा काढावे लागते.

दांडा दोन्ही बाजूंना मोकळा फिरत असेल, तर ॲक्च्युएटरला ईसीयूची आज्ञा पोचवणाऱ्या सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेकडे, वळावे. व्हॅक्युमच्या प्रकारात त्याला बाहेरची हवा आत घेणारे एक तोंड असते आणि त्यावर बहुधा छोटा फिल्टर असतो. तो धुळीने बुजला की व्हॅक्युम सुटत नाही, पाती मिटलेलीच राहतात आणि दाब चढतो. आमच्या एका नातेवाइकाच्या गाडीला अशाच तक्रारीसाठी नवीन टर्बो टाकण्याचा अंदाज देण्यात आला होता. प्रत्यक्षात अक्कलकोट रस्त्यावरच्या धुळीने हा बोटाच्या पेराएवढा फिल्टर बंद केला होता. सोलेनॉइडच्या नळ्यांची अदलाबदल हेही कारण आढळते, विशेषतः नुकतेच इंजिनाचे दुसरे काही काम झालेले असेल तर, म्हणून कोणतीही नळी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा.

शेवटी रस्त्यावर चाचणी घ्यावी आणि ती एकट्याने घेऊ नये, कारण स्कॅनर वाचणारा आणि गाडी चालवणारा वेगळे असावेत. वर्दळ नसलेल्या सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन अपेक्षित दाब, प्रत्यक्ष दाब आणि सोलेनॉइडला मिळणारी आज्ञा या तिन्ही ओळी नोंदवाव्यात. प्रत्यक्ष दाब क्षणभर अपेक्षेच्या वर जाऊन लगेच खाली येणे स्वाभाविक आहे. तो दोन-तीन सेकंद वरच राहिला तर तो दोष समजावा. ईसीयूने दाब उतरवण्याची आज्ञा शेवटच्या टोकापर्यंत नेली असूनही दाब उतरत नसेल, तर दोष नळी, सोलेनॉइड, झडप किंवा पात्यांमध्ये आहे. दाब चढलेला असतानाही आज्ञा दाब वाढवण्याचीच असेल, तर सेन्सर, वायरिंग किंवा बदललेला प्रोग्राम तपासावा. या आज्ञेची टक्केवारी काही कंपन्या उलट मोजतात, म्हणून इंजिन निवांत चालू असताना आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर आकडा कोणत्या दिशेने जातो हे आधीच पाहून ठेवावे. दुरुस्तीनंतर हीच चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा घ्यावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात.