एकमेकांच्या कारखान्यात शिकायला जाण्याआधीची तयारी

ठाण्यातील वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील रबाळे येथील आम्ही पाच लघुउद्योजकांनी गेल्या वर्षी एकमेकांच्या कारखान्यांत जाऊन शिकायचे ठरवले. पहिल्या भेटीच्या आयोजनाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि ती भेट मी पुरती वाया घालवली. आता पुढच्या महिन्यात दुसरी फेरी आहे, म्हणून ही यादी लिहून ठेवतो आहे. आमच्या गटाला ती लागणारच आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणखी कोणी मालक किंवा व्यवस्थापक असा उपक्रम करू पाहत असेल तर त्याने निदान नवी चूक करावी, माझीच नको.

सर्वांत आधी बरोबर कोण असणार हे ठरवावे. एकाच पार्टीला, म्हणजे ग्राहक कंपनीला, तोच सुटा भाग पुरवणारे दोघे एका गटात नसावेत, कारण ते एकमेकांना चहा पाजतील, पण टूल रूमचे, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवण्याच्या खोलीचे, दार उघडणार नाहीत. टोयोटाने 1970च्या दशकात आपल्या पुरवठादारांचे ‘जिशुकेन’ नावाचे अभ्यासगट बांधले तेव्हा थेट स्पर्धक एका गटात येऊ दिले नव्हते. इतक्या बलाढ्य ग्राहकाला जे टाळावे लागले, ते आपल्या ओळखीपाळखीवर निभावून जाईल अशा भ्रमात राहू नये. उत्पादन वेगळे असले तरी बिघडत नाही, मात्र अडचण सारखी हवी. झेरॉक्स कंपनीने 1980च्या दशकात गोदामातून माल काढण्याची पद्धत शिकण्यासाठी एल. एल. बीन या टपालाने कपडे आणि भटकंतीचे साहित्य विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास केला होता, आणि त्या कंपनीचा कॉपी काढणाऱ्या यंत्रांशी काडीचाही संबंध नव्हता. आमच्या गटात प्रेस शॉप (पत्रा दाबून भाग बनवणारे), प्लास्टिक मोल्डिंग, रबर मोल्डिंग, खोक्यांची छपाई आणि माझे मशीन शॉप आहे. या सगळ्यांचे समान दुखणे म्हणजे एक जॉब संपवून दुसरा लावताना यंत्र बंद राहते तो वेळ. गट जमवायला ओळखी कमी पडत असतील तर वागळेतील लघुउद्योजकांची संघटना ‘टीसा’ किंवा रबाळ्याची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन येथे एक फेरी मारावी.

त्यानंतर भेटीचा प्रश्न ठरवावा, आणि तो एकच असावा. ‘सगळे पाहू’ म्हणून गेलेला माणूस रंगवलेल्या भिंती पाहून परत येतो. आमचा प्रश्न होता, डाय (यंत्रात बसवायचा साचा) बदलायला किती वेळ लागतो आणि त्यातला किती वेळ यंत्र विनाकारण बंद असते. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी नोंदवल्याप्रमाणे टोयोटाच्या 1000 टनी प्रेसवर 1969 साली या कामाला 4 तास लागत होते. ते आधी 90 मिनिटांवर आणि अखेरीस 3 मिनिटांवर आले. यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे आणि यंत्र चालू असताना उरकता येणारी कामे त्यांनी वेगळी काढली, हे त्यामागचे मुख्य कारण. एवढे जाण्यापूर्वी सगळ्यांनी वाचलेले असावे, म्हणजे यजमानाचा वेळ व्याख्यानात जात नाही.

आता मी जे विसरलो होतो ते सांगतो. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला आधी सांगा. कोण येणार, का येणार, काय पाहणार आणि पाहून झाल्यावर काय करणार, हे सगळे त्याला भेटीच्या किमान तीन दिवस आधी कळलेले असले पाहिजे. मी रबाळ्याच्या यजमान मालकांशी दोनदा बोललो, त्यांच्या वर्क्स मॅनेजरशी बोललो, सुपरवायझरला ‘मुलांना सांगून ठेवा’ असा निरोपही दिला, आणि आपले काम झाले असे समजलो. त्या दिवशी आम्ही आठ जण प्रेसभोवती उभे राहिलो, दोघांच्या हातात स्टॉपवॉच होते, आणि ऑपरेटरने डाय बदलायला 70 मिनिटे घेतली. मालक बुचकळ्यात पडले, कारण त्यांच्या अंदाजाने ते काम 40 मिनिटांचे होते. चहाच्या वेळी तोच ऑपरेटर, मुरबाडकडचा गृहस्थ, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “साहेब, खरं सांगा, मालकांनी कंपनी विकायला काढलीय का?” आठ अनोळखी माणसे, वह्या आणि घड्याळे यांचा त्याने लावलेला अर्थ अगदी रास्त होता. एक तर कंपनी विकली जाणार होती, नाही तर माणसे कमी होणार होती.

खरा मासला मला दोन महिन्यांनी कळला. त्या माणसाने बोल्स्टरवर (प्रेसच्या ज्या पाटावर डाय बसते त्यावर) बसवण्यासाठी भंगारातल्या पट्टीचे दोन ठोकळे स्वतः घडवलेले होते. डाय सरकवून त्यांना टेकवली की ती आपसूक जागेवर बसते आणि टेप लावून चारदा मोजण्याचे काम वाचते. आम्ही नेमके हेच शिकायला गेलो होतो. मात्र साहेबलोक येणार म्हटल्यावर, विनापरवानगी काहीतरी केले म्हणून बोलणी बसतील या भीतीने, त्याने ते ठोकळे सकाळीच काढून हत्यारांच्या कपाटात कॉटन वेस्टखाली ठेवले होते. आम्ही त्या कपाटाला टेकूनच चहा प्यायलो.

म्हणून पुन्हा लिहितो, सुपरवायझरला निरोप देणे म्हणजे सांगणे नव्हे. सूचनाफलकावर कागद लावणे किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश टाकणे हेही सांगणे नव्हे. यजमान मालकाने स्वतः शिफ्टच्या सुरुवातीला, प्रत्येक शिफ्टला वेगळे, शॉप फ्लोअरवर उभे राहून बोलले पाहिजे. त्या वेळी कंत्राटी कामगार आणि हेल्पर समोर असले पाहिजेत, आणि युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीला त्याच्याही आधी सांगितले पाहिजे. मोजलेल्या वेळेवरून कोणाची नोकरी, ओव्हरटाइम किंवा पीस रेट (नगामागे मिळणारी मजुरी) बदलला जाणार नाही, हे त्याच शब्दांत सांगावे. हे वचन पाळता येणार नसेल तर भेट ठेवूच नये, कारण पुढच्या वेळी कपाटात काय काय जाईल याचा नेम नाही. शिवाय ‘तुम्ही स्वतः केलेल्या युक्त्या दाखवा, परवानगीचा प्रश्न येणार नाही’ हे वाक्य मुद्दाम उच्चारावे. मला ते एक वाक्य दोन महिन्यांना पडले.

येणाऱ्या पाहुण्यांमध्ये मालक कमी आणि सेटर (यंत्रावर जॉब लावणारे), सुपरवायझर जास्त असावेत. पाच कंपन्यांचे पाच मालकच गेले तर ते स्नेहसंमेलन होते. प्रत्येक कंपनीने एक मालक किंवा व्यवस्थापक आणि प्रत्यक्ष हाताने काम करणारा एक माणूस पाठवावा, आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान त्या दुसऱ्याला द्यावा. मालकांनी पहिली 30 मिनिटे गप्प राहायचे, असा नियम आम्ही या वेळी केला आहे. तो माझ्यासाठीच आहे असे गटातील मंडळींचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर आहे.

यजमान मालकाची वागणूक हा तयारीचा भाग आहे, कारण बाकीचे त्याच्याकडे पाहूनच ठरवतात की किती उघडे पडायचे. त्याने सुरुवात सत्काराने आणि कंपनीच्या चित्रफितीने न करता रिजेक्शनच्या (नापास मालाच्या) पेटीपाशी करावी, गेल्या महिन्यात काय बिघडले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि त्याचा दोष कामगारावर ढकलू नये. माझ्याकडे पुढची भेट आहे म्हटल्यावर आमच्या माणसांनी फरशीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवायला घेतले होते. मी ते काम थांबवले.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण गांभीर्याने पाहावी. दर, कोटेशन, कोणती पार्टी कोणाकडे जावी आणि टेंडरमध्ये कोणी किती भरावे, हे विषय काढायचेच नाहीत, अगदी जेवतानाही नाहीत. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 मध्ये एकाच व्यवसायातील कंपन्यांनी संगनमताने दर ठरवणे, बाजार वाटून घेणे आणि निविदा संगनमताने भरणे यांना मनाई आहे, आणि ‘आम्ही तर लहान आहोत’ ही सबब तिथे पुरी पडेल असे धरून चालू नये. ग्राहकाचे ड्रॉइंग ही आपली मालमत्ता नसते, म्हणून ती फलकावरून उतरवावीत, नव्या सुट्या भागांवर कापड टाकावे आणि फोटो कुठे चालतील ते गेटवरच स्पष्ट करावे. गोपनीयतेचा एक पानी करार पुरतो. वकिलाने तो 14 पानांचा केला तर कोणी वाचत नाही. आणि या सगळ्यात ऑपरेटरचा फोटो काढायचा असेल तर त्याला विचारावे. तोही यंत्रावरचा माणूसच आहे, मी कुठे वळतो आहे ते लक्षात आले असेल.

दिवस ठरवताना साप्ताहिक सुट्ट्या पाहाव्यात, कारण आमच्याकडे काहींची शुक्रवारी आणि काहींची रविवारी असते. डाय प्रत्यक्ष कधी बदलणार आहे ते यजमानाच्या प्लॅनिंगमधून आधी घ्यावे, नाही तर चालू यंत्र पाहून परत यावे लागते. पावसाळ्यात वागळेहून रबाळ्याला गाडीने निघणार असाल तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचते हे लक्षात ठेवा. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने आलेले बरे, रबाळे स्टेशनवरून रिक्षा मिळते. सेफ्टी शूज प्रत्येकाने आपापले आणावेत, हेल्मेट आणि कानातले प्लग यजमानाने द्यावेत. जेवणाचे काय ते तुम्हाला कळतेच.

प्रत्यक्ष भेटीत एकाने वेळ मोजावा, एकाने ऑपरेटर किती पावले चालतो ते मोजावे आणि बाकीच्यांनी यंत्रापासून लांब उभे राहावे. सुरुवात करण्यापूर्वी ऑपरेटरला नावाने विचारावे की भेटीबद्दल त्याला कोणी, काय सांगितले आहे. उत्तर गोंधळलेले आले तर स्टॉपवॉच खिशात ठेवून आधी 10 मिनिटे बोलावे. हे मी तिसऱ्यांदा लिहितो आहे याची मला कल्पना आहे.

शेवटी अर्धा तास बसून प्रत्येकाने एक गोष्ट लिहावी, आपल्याकडे करून पाहण्याची, तारखेसह. टिपण त्याच आठवड्यात जावे. गट टिकला तर केंद्र सरकारच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) स्पर्धात्मक लीन योजनेची, म्हणजे उत्पादनातील वाया जाणारे काम कमी करण्याच्या योजनेची, माहिती काढावी, ती मार्च 2023 मध्ये नव्या रूपात सुरू झाली आहे.

परतभेटीला यजमानाच्या ऑपरेटरला न्यायचे आहे, भरपगारी, कामाच्या वेळेत. ठोकळेवाले गृहस्थ पुढच्या महिन्यात माझ्या कारखान्यात येत आहेत. गाडीत जागा कमी पडली तर मालकांपैकी एकाने लोकलने यावे.